द्राक्षबाग बघायला जायचं तर एप्रिलात जा : चौदा वर्षांची बाग, चार प्रवास आणि धंद्याचा हिशोब

बांधावरचा, जालना

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात बदनापूरच्या एका तरुण मित्रानं इथं विचारलं होतं, "पाच एकर द्राक्ष लावायचा विचार आहे, आधी कुणाची बाग बघून येऊ?" दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण या प्रश्नानं माझेच जुने दिवस डोळ्यांसमोर आले, म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी बाग चार एकर. जालन्याहून सिंदखेडराजाकडं जाणाऱ्या बाजूला. जानेवारी २०१२ मध्ये आम्ही पाचजण जीप करून नाशिककडं गेलो होतो. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड असं तीन दिवस फिरलो. बागा घडांनी लगडलेल्या, पॅकिंग चाललेलं, एकेका घडावर कागद चढवलेला. रात्री मुक्कामाला कुणाला झोप नव्हती. परत आलो आणि महिन्याच्या आत डॉगरिज जातीचे खुंट, म्हणजे ज्यावर कलम भरतात ती मुळाची रोपं, लावून मोकळा झालो. पावसाळ्याच्या शेवटी त्यावर थॉमसन जातीच्या द्राक्षाचं कलम भरलं.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. २०१३ चा उन्हाळा मी टँकरवर काढला. आमच्यापासून दहाच किलोमीटरवर कडवंची आहे. तिथं पाणलोटाचं काम आधीच झालेलं, शेततळी भरलेली, बागा हिरव्या. मी अडीचशे किलोमीटरवरच्या बागा बघून आलो होतो आणि शेजारचं गाव नीट बघितलं नव्हतं. झाडं आधी लावली, पाणी मागून शोधलं. बाग जगली, पण त्या टँकरची उधारी पुढं दोन वर्षं फेडत होतो.

खुंट, कलम, मग रीकट (कलम पुन्हा खाली छाटणं), ओलांडे (मांडवावरच्या आडव्या फांद्या) तयार करणं, असं करत पहिला घड दिसायला दोन वर्षं लागतात. माझा पहिला माल फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये तोडणीला आला आणि मराठवाड्यात तेव्हा काय झालं हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. गारपीट. वडील बांधावर बसून राहिले, बोलले काहीच नाहीत.

त्यानंतर महिनाभरात, एप्रिलात, मी तासगावकडं गेलो. खरं तर मन रमवायला गेलो होतो, मेहुण्याच्या ओळखीच्या एका बागाइतदाराकडं चार दिवस. बघायला तिथं काहीच नव्हतं. खरड छाटणी, म्हणजे माल उतरल्यावरची एप्रिलची छाटणी, झालेली, मांडवावर नुसती लाकडं, खाली काड्यांचे ढीग. मी मनात म्हटलं, चुकीच्या वेळी आलो. तर ते अण्णा म्हणाले, "बरोबर वेळी आलास. फेब्रुवारीत सगळ्यांच्याच बागा देखण्या असतात."

चार दिवस त्यांनी मला जे दाखवलं, ते मला नाशिकच्या तीन दिवसांत दिसलं नव्हतं. द्राक्षाचा घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाहेर येतो हे खरं, पण तो तयार होतो एप्रिल छाटणीनंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत, डोळ्याच्या आत. सात पानांवर शेंडा मारून सबकेन (बगलेतून फुटणारी पोटकाडी) काढायची, फुटींची विरळणी करून प्रत्येक काडीला ऊन मिळेल असं बघायचं, पालाश आणि पाणी कधी कमी-जास्त करायचं हे सगळं मे-जूनमध्ये. तेव्हा चूक झाली की ऑक्टोबरात कितीही महाग औषध मारा, डोळ्यात जे नाही ते बाहेर येणार नाही. म्हणजे फेब्रुवारीत आपण जो पैसा मोजतो तो आदल्या मे महिन्यात ठरून गेलेला असतो.

आणि मे महिन्यात आपण काय करतो? हात आखडतो. माल विकून झालेला, पैसा मुलीच्या लग्नात, जुन्या देण्यात, ट्रॅक्टरच्या हप्त्यात गेलेला. बागेत दिसायला काही नाही म्हणून खर्च करावासा वाटत नाही. मजूर आंब्याला, लग्नसराईला गेलेले. वर्षातले सगळ्यात मोलाचे दोन महिने आपण सगळ्यात कमी पैशात आणि सगळ्यात कमी लक्ष देऊन काढतो.

अण्णांच्या घरात एक वेगळं पासबुक होतं. मालाचे पैसे आले की पहिल्याच दिवशी त्यातून खरडीचा खर्च त्या खात्यात जायचा. शेणखत, मजुरी, तारांची दुरुस्ती, ठिबकची साफसफाई, दोन महिन्यांच्या फवारण्या. उरलेल्या पैशावर घर. त्यांच्या घरात त्या खात्याला "खरडीचं" म्हणायचे आणि त्याला कुणी हात लावायचं नाही. मी २०१५ पासून तेच करतोय. पहिल्या वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तरी त्या खात्यातले पैसे काढले नाहीत, भावाकडून उसने घेतले. तेव्हा घरात वाद झाला. आज आईच विचारते, खरडीचं भरलं का.

दुसरी गोष्ट त्यांच्याकडून घेतली ती काडी तपासणीची. ऑक्टोबरच्या छाटणीच्या, म्हणजे फळछाटणीच्या आधी काड्यांचे नमुने देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यायचं, कितव्या डोळ्यात घड आहे. मग त्या डोळ्याच्या पुढं कात्री लावायची. आमच्याकडं सगळे "पाचव्या-सहाव्यावर घ्या" असं ठोकून चालायचे. एका वर्षी जूनभर आभाळ होतं, माझ्या अर्ध्या बागेत घड सबकेनच्या गाठीजवळ होता. न बघता छाटलं असतं तर घड जमिनीवर पडले असते आणि मी खत-औषधाला दोष देत बसलो असतो.

तिसरा प्रवास सटाण्याचा. बागलाणात काही जण जुलै-ऑगस्टमध्येच फळछाटणी घेतात. माल डिसेंबर-जानेवारीत, बाजारात दुसरं कुणी नसतं तेव्हा. भाव ऐकून डोळे दिपले. मी एक एकर तसं करून बघितलं. आमच्याकडं सप्टेंबरचा पाऊस घड पोंग्यात, म्हणजे कोवळ्या फुटीत असताना गाठतो, डाऊनी रोगानं आठवड्यात घड गेले. त्यांची तारीख मी उचलून आणली होती, त्यांचं आभाळ आणता येत नव्हतं. शिवाय तेही दर वर्षी जिंकत नाहीत. चार वर्षांतलं एक वर्ष बुडणार हे धरूनच ते भावाचं गणित करतात, आणि मी फक्त जिंकलेल्या वर्षाचा भाव ऐकून आलो होतो.

चौथा प्रवास सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण मी माळकरी. २०१७ मध्ये नाशिकच्या एका वायनरीत गेलो. पिण्यासाठी नाही, बघण्यासाठी. २००१ च्या धोरणानंतर राज्यात वायनरी वाढल्या, विंचूरला वाइन पार्क झालं, हे वाचून माहीत होतं. आत बघतो तर पुण्या-मुंबईची माणसं बागेकडं तोंड करून बसलेली, आणि तिथला मुलगा सांगतोय, ही जात त्या समोरच्या ओळींतली, तोडणी पहाटे करतो, का करतो. माणसं ऐकत होती. माल विकण्याआधी तो बाग विकत होता. आम्ही बाग लपवतो, ताडपत्री लावतो, आणि व्यापाऱ्याच्या हातात क्रेट देतो.

परत आल्यावर रस्त्याच्या कडेला शेड टाकलं. दोन किलोचं खोकं, त्यावर छाटणीची तारीख, तोडणीची तारीख. गिऱ्हाईक म्हणालं तर आत नेऊन बाग दाखवायची. एकूण मालाचा दहावा हिस्साही तिथं खपत नव्हता, पण जो खपायचा त्याचा पैसा रोख आणि भाव माझा. मग डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला. लांबची गाडी त्या रस्त्यानं जाऊ लागली, आणि त्या रस्त्यावर कडेला थांबता येत नाही. माझं शेड त्या हंगामात निम्म्यावर आलं. आता जालना शहरातल्या चार सोसायट्यांत फोनवर मागणी घेऊन पोचवतो. रस्ता बदलला की गिऱ्हाईक बदलतं, ते शोधायला पुन्हा घराबाहेर पडावं लागतं.

तर बदनापूरच्या मित्रा, तू आधी कडवंचीला जा. मग लांब जायचं तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जा. आणि घड नको बघू. छाटलेल्या काड्यांचं काय केलंय, शेततळ्यात किती पाणी उरलंय, ठिबकची नळी उघडून आत क्षार किती, मजुरांची उचल कुणी कधी दिली, हे बघ. आणि जमलं तर त्या घरच्या बाईमाणसाला विचार, पैसे कुठं अडकलेत.

नवी_काडी, बदनापूर

दादा, एवढं मनापासून लिहिलंत, आभार कसे मानू. मी नाशिकचं बुकिंग फेब्रुवारीचं केलं होतं, रद्द केलं. दोन प्रश्न आहेत. माझ्याकडं एक विहीर आणि एक बोअर, विहिरीला मार्चपर्यंत पाणी. पाच एकर एकदम लावू की टप्प्यानं? आणि बँक म्हणते शेततळ्याला आणि बागेला वेगळं कर्ज घ्या, ते बरोबर आहे का?

तळ्याकाठी, मंठा

मी मृद व जलसंधारणाच्या कामात नोकरी काढली, आता निवृत्त. पाण्याचं मी सांगतो.

बाळा, आधी तळ्याचं गणित कर, त्यावरून एकर ठरव. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, बाजूला एकास एक उतार असलेलं तळं काठोकाठ भरलं तर साधारण २२ लाख लिटर पाणी बसतं. लोक हा आकडा पाठ करतात आणि इथंच फसतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास वाफ होते. ९०० चौरस मीटरच्या पाण्यावर एक सेंटीमीटर म्हणजे ९ हजार लिटर. रोज. पाणी खाली जाईल तसा पृष्ठभाग कमी होतो, म्हणून थोडं कमी धर, तरी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत सहा-सात लाख लिटर सूर्य पिऊन जातो. तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद चांगला असेल तर गळती नाही, नाहीतर तीही धर. आणि वरचा अर्धा मीटर कधीच भरत नाही असं समज.

आता एका एकराला छाटणी ते छाटणी ठिबकनं अडीचशे मिलिमीटर दिलं तरी दहा लाख लिटर होतात. पावसाळ्यात काही वाचतं. पण खरड छाटणी भर उन्हाळ्यात येते, आणि वर दादांनी सांगितलं तेच दोन महिने मोलाचे. तेव्हा पाणी मागून देता येत नाही. म्हणून एक तळं, दोन एकर. पाऊण तळं मार्चअखेर शिल्लक दिसलं तरच तिसरा एकर.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. एका वाघिणीत, म्हणजे रेल्वेच्या डब्यात, ५० हजार लिटर. म्हणजे तुझ्या एका तळ्यातून उन्हाळ्यात जेवढी वाफ होते, तेवढ्यासाठी बारा-चौदा वाघिणी लागल्या असत्या. हा हिशोब मी गावोगाव सांगत आलो.

औसेकर_ताई

दादा, तुमची शेवटची ओळ वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडं अडीच एकर सुपर सोनाका जातीची द्राक्षं. फवारणी, छाटणी हे बघतात, वही मी बघते. वही म्हणजे एकच रकाना जास्त आहे. तारीख, कशाला, किती, आणि चौथा रकाना "कुणाच्या सांगण्यावरून". दुकानदारानं दिलं म्हणून, शेजाऱ्यानं मारलं म्हणून, सल्लागारानं लिहून दिलं म्हणून, आपल्या मनानं. दोन हंगाम झाल्यावर मी बेरीज केली तर औषधाचा निम्मा खर्च "शेजाऱ्यानं मारलं म्हणून" या रकान्यात होता. ह्यांना दाखवलं, एक शब्द बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी तो रकाना जवळजवळ रिकामा राहिला.

मजुरीचं पण सांगते. विरळणीला बायका लागतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सगळ्यांना लागतात. आम्ही आठ घरच्या बायकांनी छाटणीच्या तारखा पाच-पाच दिवसांनी मागं-पुढं केल्या. आधी कुणी तयार नव्हतं, प्रत्येकाला पहिली तारीख पाहिजे. मग चिठ्ठ्या टाकल्या. आता टोळी एका बागेतून दुसरीत जाते, घाई नाही, घडाला हात हळू लागतो. बायकांनाही सलग दीड महिना काम मिळायलंय. ह्यासाठी कुठं प्रवास करावा लागला नाही, तेवढं मात्र दादांना सांगायचंय.

आणि व्यापाऱ्याचं तुम्ही लिहिलंच नाही. तुमचे पैसे कधी बुडले नाहीत का?

बांधावरचा, जालना

ताई, चौथा रकाना उद्यापासून माझ्या वहीत. खरंच.

पैसे बुडले. २०१८. बाहेरचा व्यापारी, पहिली गाडी पूर्ण रोख, दुसरी निम्मी, तिसरी "सोमवारी टाकतो". सोमवारी फोन बंद. गावातल्या अकरा जणांचे गेले. माझा त्या वर्षीचा निम्मा माल. मी लिहिलं नाही कारण अजून जड जातं. त्यानंतर नियम एकच, गाडी काट्यावरून उतरायच्या आत पैसे खात्यात दिसले पाहिजेत, नाहीतर क्रेट खाली. किलोमागं दोन-तीन रुपये कमी मिळतात. ते मी विम्याचा हप्ता समजतो.

गाळा_आणि_गाडी

मी स्वतः व्यापारी आहे, बागाइतदाराच्या घरातलाच. इथं मोकळेपणानं लिहितो.

पळून जाणारे आहेत, आणि त्यांच्यामुळं आमचीही मान खाली जाते. पण दादा, रोख भाव कमी का असतो ते समजून घ्या. मी इथून गाडी भरतो ती दिल्लीला आझादपूरला किंवा कोलकात्याला जाते. तीन-चार दिवसांचा रस्ता. तिथला आडत्या मला त्याच दिवशी पैसे देत नाही. तिथं पोचेपर्यंत मणी गळाले, देठ सुकले, ते माझ्या अंगावर. दहा गाड्यांत दोन तोट्यात जातात हे मी धरूनच चालतो. ज्याला मी पंधरा दिवसांनी पैसे देतो, त्याला जास्त भाव देऊ शकतो, कारण तो माझ्याबरोबर त्या रस्त्यावर असतो. रोखवाला नसतो. तेव्हा दोन-तीन रुपये हा माझा नफा नाही.

एक मात्र सांगतो. जो व्यापारी बागेत येऊन मणी चाखत नाही, देठ वाकवून बघत नाही, आणि तरी सगळ्यांपेक्षा चढा भाव सांगतो, त्याला माल देऊ नका. त्याला पैसे द्यायचेच नाहीयेत, म्हणून त्याला तो बघायची गरज वाटत नाही. माझ्या वडिलांनी मला गाळ्यावर बसवलं तेव्हा पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं.

वाळूजकर

मी शेतकरी नाही, आजोळ पैठणचं एवढाच संबंध. पण कंपनीनं २०१९ मध्ये सात महिने जर्मनीत, श्टुटगार्टला पाठवलं होतं, आणि ह्या धाग्यात त्यातलं काही सांगण्यासारखं आहे.

श्टुटगार्ट म्हणजे आपल्या डोक्यात मोटारींचं शहर. प्रत्यक्षात शहराच्या मधोमध टेकड्यांवर द्राक्षबागा आहेत. तिथं एक पद्धत आहे, दारावर झाडू टांगायची. झाडू टांगलेला दिसला की त्या बागाइतदाराच्या घरी आज बसायला जागा आहे. स्वतःच्या बागेची वाइन आणि साधं घरचं जेवण. मी होतो तेव्हाच्या कायद्यानं त्याला हॉटेलचा परवाना लागत नव्हता, पण अटी कडक. वर्षात जास्तीत जास्त चार महिने, चाळीस माणसांपेक्षा जास्त बसवायची नाहीत, आणि वाइन स्वतःच्याच बागेची. मी ज्या घरी जायचो तिथं गोठ्याचीच खोली केलेली. म्हातारा वाढायचा, म्हातारी हिशोब. मला त्यात आवडली ती अट. चार महिनेच, म्हणून उरलेले आठ महिने ते शेतकरीच राहतात.

दुसरं, आर नदीच्या खोऱ्यात मायशोस नावाचं छोटं गाव आहे, तिथली द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था १८६८ ची. आपल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या कितीतरी आधीची. जुलै २०२१ मध्ये त्या खोऱ्यात महापूर आला, तळघरं चिखलानं भरली. त्या लोकांनी बाटल्या धुतल्या नाहीत. चिखल लागलेल्या बाटल्या तशाच मदतीसाठी विकायला काढल्या, आणि देशभरातून लोकांनी त्या घेतल्या, लाखो युरो जमले. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडं अतिवृष्टी झाली तेव्हा मला सारखं ते आठवत होतं. आपल्या शेतकऱ्याला ओळखणारं, नावानं ओळखणारं गिऱ्हाईक शहरात असतं तर? दादांच्या चार सोसायट्या मला म्हणूनच महत्त्वाच्या वाटतात.

देवगिरीकर

वाळूजकरांनी परदेशातलं सांगितलं, मी घरातलं सांगतो. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. आज आपण वर्षातून दोनदा छाटतो आणि एकच पीक घेतो, तो वेगळा विषय. पण मराठवाड्यात द्राक्ष कालपरवा आलं असं मानू नका. दौलताबादी द्राक्षांचं नाव आमच्या आजीच्या तोंडी होतं.

मोडलेली_बाग, बीड

वाचतोय. सगळ्यांचं खरं आहे. पण मी बाग काढली, २०१९ च्या मे महिन्यात. म्हणून थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

मी बांधावरच्या दादांपेक्षा जास्त फिरलो. नान्नज, तासगाव, नारायणगाव, नाशिक. सोलापूरकडच्या नान्नजच्या बागांतून सोनाका, शरद सीडलेस या जाती निघाल्या, तासगावकडच्या बोरगावातून तास-ए-गणेश, सगळ्या शेतकऱ्यांच्या नजरेतून. एका काडीवर वेगळे मणी दिसले, त्यांनी ती काडी जपली. हे ऐकून मला वाटायचं आपणही बघत राहिलो तर काहीतरी सापडेल. प्रत्येक प्रवासातून एक नवी गोष्ट आणायची आणि त्यावर खर्च करायचा. प्लॅस्टिकचं आच्छादन, नवी जात, नवीन खुंट. कर्ज वाढत गेलं. फिरलो सगळीकडं, पण ज्यानं बाग काढली अशा एकाही माणसाकडं मी गेलो नाही. तो मला सांगू शकला असता की तिसऱ्या कोरड्या वर्षी थांब.

बाग काढली त्या दिवशी तारा आणि अँगल विकले. त्यातून बोअरच्या मोटारीचं बिल भागलं. आता सीताफळ आहे, पाणी कमी लागतं, रात्री झोप लागते. त्या बदनापूरच्या मुलाला माझ्याकडंही येऊ द्या. खुंटाची बुंधं अजून बांधावर आहेत.

औसेकर_ताई

भाऊ, तुमचं लिहिणं वाचून ह्यांनाही वाचून दाखवलं. आम्ही येतो तुमच्याकडं. ह्या हंगामातच येतो.

बेदाण्याची_पेटी, तुळजापूर

सगळ्यांनी ताज्या मालाचं लिहिलं. मी मार्च २०२० चं सांगतो. माझा माल तोडणीला, आणि टाळेबंदी. व्यापारी गेले, गाड्या बंद, द्राक्षं वेलीवर. माझ्याकडं वाळवणीची शेड नव्हती. शेजारच्या गावात एकाकडं होती, त्यानं जागा दिली. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर टाकली.

पण घाईत कच्ची तोडली. गोडी १८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप). २२ च्या पुढं गेलेल्या द्राक्षाचे चार किलोत एक किलो बेदाणे होतात, १८ ला पाच किलोच्या जवळ लागतात, आणि रंगही मार खातो. समजा बेदाणा दोनशेला गेला तर चार किलोच्या हिशोबानं द्राक्षाला पन्नास पडले, पाचच्या हिशोबानं चाळीस, आणि वाळवणीचा खर्च दोन्हीकडं तोच. आठ दिवस थांबलो असतो तर वाचलो असतो. पण भीतीनं थांबू दिलं नाही.

तेव्हापासून मी दर वर्षी एक एकर बेदाण्यासाठीच धरतो, भाव चांगला असला तरी. त्या एकराला जीएचं (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं) डिपिंग कमी, फवारणी कमी, पाणी शेवटी ताणायचं. व्यापारी भाव पाडायला लागला की मी सांगू शकतो, राहू द्या, वाळवतो. आणि त्याला माहीत असतं की मी खरंच वाळवतो, शेड दिसते त्याला रस्त्यावरून. २०१० मध्ये युरोपात लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडून आपली द्राक्षं अडकली, तेव्हा ज्यांच्याकडं असा दुसरा रस्ता होता ते तरले, हे मी सांगलीकडच्या लोकांकडून ऐकलं होतं, पण कळलं २०२० ला.

गाळा_आणि_गाडी

खरंय. शेडवाल्याशी मी जपूनच बोलतो.

नवी_काडी, बदनापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कडवंचीला जाऊन आलो. तळ्यांवर काठी टाकून पाणी मोजणारा एक जण भेटला, त्यानं तळ्याच्या उतारावर रंगानं रेघा मारल्यात, दर रेघेला किती एकराचं किती दिवसांचं पाणी ते लिहून. फोटो काढला. घरी वडिलांशी बोललो. ठरवलंय की ह्या वर्षी फक्त तळं. बाग नाही. तळं एक पावसाळा भरू दे, मार्चअखेर किती उरतं ते बघून पुढच्या फेब्रुवारीत दोन एकर खुंट. आई म्हणाली खरडीचं पासबुक मात्र आत्ताच काढ, त्यात महिन्याला काहीतरी टाकत जाऊ.

बँकेचं अजून कुणी सांगितलं नाही.

तळ्याकाठी, मंठा

वेगळं घे. पण बागेच्या कर्जाचा पहिला हप्ता पहिल्या तोडणीनंतर पडेल असं लिहून घे. लावणीपासून किमान पंचवीस-सव्वीस महिने. आणि गार पडली तर त्याच्या पुढचं वर्ष. साहेब बारा महिने म्हणाले तर सही करू नको, छाटणीचं वेळापत्रक कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेव. बऱ्याच साहेबांना द्राक्ष कधी येतं तेच माहीत नसतं, दाखवलं की ऐकतात.

बांधावरचा, जालना

ती काठी आणि त्या रेघा बघायला मीही उद्याच जातो. दहा किलोमीटरवर आहे आणि मला माहीत नव्हतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माझी छाटणी असेल. ज्यांना यायचं त्यांनी निरोप ठेवा. मुक्कामाची सोय घरी आहे, जेवण साधं, उन्हाचं रुमाल-टोपी आणा. बघायला घड नाहीत. वह्या बाहेर काढून ठेवतो, २०१८ चीसुद्धा. तिथून दुसऱ्या दिवशी पहाटे बीडला निघू, भाऊ हो म्हणाले तर.

मोडलेली_बाग, बीड

या. पहाटे निघाला तर न्याहारीला पोचाल. किती माणसं ते आदल्या दिवशी कळवा.